गट पाडण्याआधी गणित निवडा: मराठवाड्यातल्या नव्या गणितशिक्षकांसाठी

शिक्षणसेवक म्हणून नुकतेच रुजू झाला असाल आणि आठवी-नववीचं गणित वाट्याला आलं असेल, तर प्रशिक्षणात ऐकलेलं ‘गटकार्य’ वर्गात घेऊन पाहायची घाई होणारच. बाकं फिरवली, सहा-सहाचे गट केले, स्वाध्यायातली पाच उदाहरणं दिली. दहा मिनिटांत चित्र ठरलेलं: गटातलं एक हुशार पोरगं वहीत सोडवतंय, दोघं त्याचं उतरवून घेताहेत, दोघं गणपतीच्या वर्गणीवर बोलताहेत आणि एक खिडकीबाहेर बघतंय. शेजारच्या वर्गावरचे सर दारात येऊन उभे. यानंतर बहुतेक जण गटकार्याला रामराम करतात आणि ‘आपल्याकडच्या पोरांना गणितात रसच नाही’ असं स्टाफरूममध्ये सांगत राहतात.

माझ्या मते यात चुकतं ते गणित. जे उदाहरण एका हुशार लेकराला दोन मिनिटांत येतं त्याला गटाची गरजच नसते, मग बाकीचे रिकामे बसणार. चौघांना पुरेल असं गणित आधी हाताशी हवं. गट कसा पाडायचा, बाकं कशी फिरवायची हे सगळं त्यानंतरचं. खालच्या पायऱ्या त्याच क्रमाने लिहिल्या आहेत आणि त्या जिल्हा परिषदेच्या किंवा संस्थेच्या साध्या हायस्कुलात, पन्नास लेकरं आणि एक फळा एवढ्यावर चालतील अशाच आहेत.

पायरी पहिली: कुणाचं गणित कुठे अडलंय ते शोधा

पहिले पंधरा दिवस गटाचं नावही काढू नका. अर्ध्या कागदावर, गुण न देता, पाच प्रश्न द्या. ३/४ मोठं की २/३? ७ मधून १२ वजा केले तर? ६४० चे २५ टक्के किती? साडेतीन किलो साखर १५४ रुपयांना, तर एक किलो कितीला? पाचवा प्रश्न हिशोबाचा नाही: गणित कोणत्या वर्गापर्यंत बरं वाटायचं आणि कुठून अवघड जायला लागलं?

हा पाचवा प्रश्न सगळ्यात जास्त सांगतो. लेकरं मोकळेपणाने लिहितात, कारण असं त्यांना आजवर कुणी विचारलेलं नसतं. अपूर्णांक आणि भागाकार ही दोन नावं पुन्हा पुन्हा येतात. ज्याला तुम्ही ‘रस नाही’ म्हणता, ते पोरगं पाचवीत अपूर्णांकापाशी थांबलेलं असतं आणि त्यानंतर दरवर्षी कोऱ्या चेहऱ्याने वर्गात बसायला शिकलेलं असतं. ७ वजा १२ ज्याला जमत नाही त्याला एका चलातलं समीकरण आवडावं, ही अपेक्षाच उलटी आहे. हे कागद वर्गात वाचून दाखवू नका, कुणाला किती आलं ते सांगू नका. स्वतःच्या वहीत एक तक्ता करा आणि रोज तासाच्या सुरुवातीला पाच मिनिटं अपूर्णांक, ऋण संख्या, टक्केवारी घेत राहा. गटात बोलायला लेकराकडे निदान एवढं भांडवल तरी हवं.

याच काळात पालक भेटले तर एक गोष्ट सांगून ठेवा. ‘आमच्या घरात कुणालाच गणित येत नव्हतं, याला कुठून येणार’ हे वाक्य लेकरासमोर बोलायचं नाही. तोच बाप मोंढ्यात हमाली, तोलाई वजा करून पट्टीवरचा आकडा बरोबर आहे का ते उभ्या उभ्या सांगतो. त्याच्या या हिशोबाला घरात कुणी गणित म्हणत नाही, एवढंच.

बक्षिसांचं इथेच उरकून घेऊ. पेन, चॉकलेट, फळ्यावर नाव असलं काही ठेवून लेकरं चार दिवस पळतात. १९७३ साली लेपर, ग्रीन आणि निस्बेट या अमेरिकी मानसशास्त्रज्ञांनी बालवाडीतल्या मुलांवर एक प्रयोग केला होता. चित्रं काढायला ज्यांना मुळात आवडायचं अशा काही मुलांना ‘काढलंत तर प्रमाणपत्र देऊ’ असं आधी सांगितलं. पुढे मोकळ्या वेळेत त्या मुलांचं चित्र काढणं कमी झालं. ज्यांना न सांगता अचानक प्रमाणपत्र मिळालं त्यांचं तसं झालं नाही. तेव्हा एखाद्या गटाने खरंच डोकं लावलं तर खुशाल शाबासकी द्या, पण आधी आमिष लावू नका. शाबासकीही नेमकी असू द्या. ‘हुशार आहेस’ म्हणून लेकराला काही कळत नाही. ‘तू आकृती पुन्हा काढून बघितलीस, म्हणून सापडलं’ यातून पुढच्या वेळी काय करायचं ते कळतं.

पायरी दुसरी: गटाला पुरेल असं गणित

या पायरीवर सर्वांत जास्त वेळ घालवा. उदाहरण निवडताना मी तीन गोष्टी बघतो. वर्गातल्या सगळ्यात कच्च्या लेकरालाही सुरुवात करता येते का? त्यात मतभेद व्हायला जागा आहे का? आणि हुशार पोराचं पहिलं उत्तर चुकण्याची शक्यता आहे का? तिसरी अट सगळ्यात कामाची. हुशार पोराचं चुकलं की गटात लोकशाही येते.

एक उदाहरण सविस्तर सांगतो. दसरा-दिवाळीच्या सुमारास आमच्याकडे सोयाबीनच्या राशी चालतात, परतीच्या पावसाने माल भिजलेला असतो आणि आडतीवर ओलावा मोजायचं यंत्र लावून भाव पाडला जातो. त्या आठवड्यात वर्गात तोंडी सांगा: एक क्विंटल सोयाबीन आहे, ओलावा १८ टक्के. उन्हात वाळवून तो १२ टक्क्यांवर आणला. आता वजन किती भरेल?

जवळपास सगळा वर्ग ९४ किलो म्हणतो. १८ वजा १२ सहा, शंभरातून सहा गेले. काही जण ८८ म्हणतात. तुम्ही चेहरा कोरा ठेवा, बरोबर-चूक काही बोलू नका. फक्त एवढं सांगा, ‘९४ किलो असेल तर त्यात पाणी किती आणि दाणा किती ते लिहून दाखवा.’ इथून गट कामाला लागतात. सुरुवातीला पाणी १८ किलो, कोरडा दाणा ८२ किलो. दाणा वाळून कमी होत नाही, उडतं ते पाणी. ९४ किलोत ८२ दाणा असेल तर पाणी १२ किलो. पण ९४ मध्ये १२ किलो म्हणजे १२ टक्के नव्हेच, पावणेतेराच्या आसपास झाले! म्हणजे अजून वाळवायला हवं. ओलावा १२ टक्के म्हणजे ते ८२ किलो आता एकूण वजनाचे ८८ टक्के. ८२ ला ८८ ने भागून शंभराने गुणलं की ९३.१८ किलो येतात.

टक्केवारी कशाची, हा आठवी-नववीतला सगळ्यात मोठा घोळ या एका उदाहरणात उघडा पडतो. आणि इथे मजुराच्या किंवा अल्पभूधारकाच्या पोराला बरंच काही माहीत असतं. राशीला ताडपत्री किती लागते, दोन दिवस ऊन मिळालं नाही तर काय होतं, हे तो गटाला सांगतो आणि वर्षात पहिल्यांदा गणिताच्या तासाला त्याचं बोलणं ऐकलं जातं.

पुढचा प्रश्न त्यातूनच काढा. ओला माल ४,२०० रुपये क्विंटलने जातोय आणि वाळलेला ४,६०० ने, तर वाळवावा का? ९३.१८ किलोचे ४,२८६ रुपये होतात. क्विंटलमागे ८६ रुपये सुटतात. दहा क्विंटल असतील तर ८६०. मग दोन दिवसांची मजुरी? रात्री राखण कोण करणार? दोन गटांची उत्तरं वेगळी येतील आणि दोन्ही बरोबर असू शकतील. भावाचे आकडे मी धरलेले आहेत. तुम्ही लेकरांनाच त्या दिवशीचा मोंढ्यातला भाव आणायला सांगा.

दुसरं उदाहरण पाण्याचं. एक चौरस मीटरवर एक मिलिमीटर पाऊस पडला की एक लिटर पाणी होतं. हे नुसतं सांगू नका, खोक्याची आकृती काढून लेकरांनाच काढू द्या. मग शाळेचं छत मोजायला पाठवा. ४० फूट बाय २० फूट निघालं तर ८०० चौरस फूट, म्हणजे साधारण ७४.३ चौरस मीटर. वर्षाचा पाऊस ७०० मिलिमीटर धरला तर त्या छतावर ५२ हजार लिटर पाणी पडतं. आता २०१६ च्या एप्रिलमध्ये मिरजेहून लातूरला पाण्याची रेल्वे आली होती, त्या पहिल्या गाडीत दहा वाघिणी आणि जवळपास पाच लाख लिटर पाणी होतं. अशी किती छतं मिळून ती एक गाडी भरेल? दहाच्या आत-बाहेर उत्तर येतं आणि वर्ग गप्प होतो. कुणीतरी म्हणतंच, ‘सर, सगळं पाणी थोडंच हाती लागतं.’ बरोबर आहे, पाचवा हिस्सा वाया गेला असं धरून पुन्हा काढा: एका छताचे ४१,६०० लिटर, गाडी भरायला बारा छतं. सध्याच्या लेकरांना ती गाडी आठवत नाही, घरच्यांना विचारून येऊ द्या. त्या निमित्ताने घरात गणिताविषयी बोलणं होतं.

मैदान मोजून गुंठ्यात सांगणं हेही चांगलं. ३३ फूट बाय ३३ फूट म्हणजे १,०८९ चौरस फूट, एक गुंठा. चाळीस गुंठ्यांचा एकर. मैदान चौकोनी नसतंच, त्यामुळे त्रिकोण पाडावे लागतात आणि हिरोचं सूत्र पहिल्यांदा कशाच्या तरी उपयोगी पडतं. दोरी धरणारा, मोजमाप लिहिणारा, आकृती काढणारा अशी कामं आपोआप वाटली जातात.

पण रोज असं शेताशिवाराचं गणित आणायची गरज नाही आणि ते जमतही नाही. पाठ्यपुस्तकातल्या उदाहरणालाच थोडा पीळ द्यायचा. दोन चलांतील रेषीय समीकरणं चालू असतील तर सोडवायला देण्याऐवजी उत्तर द्या: पहिली संख्या ३, दुसरी २. अशा उत्तराच्या समीकरणांच्या तीन जोड्या बनवा आणि शेजारच्या गटाला सोडवायला द्या. कच्चा गट ‘बेरीज पाच, फरक एक’ एवढं तरी करतोच. दुसरा गट ‘पहिलीची दुप्पट अधिक दुसरी बरोबर आठ’ असं काही घेतो. हमखास एखादा गट दुसरं समीकरण पहिल्याची दुप्पट करून टाकतो आणि शेजारचा गट तक्रार घेऊन येतो, ‘सर, हे सुटतच नाही, छेदात शून्य येतंय.’ क्रेमरच्या पद्धतीत निश्चयक शून्य आला तर काय, हे शिकवायला याच्याहून चांगला मुहूर्त नाही.

भूमितीत प्रमेयाची सिद्धता ओळीओळीने पट्ट्यांवर लिहून, कापून, मिसळून द्या. क्रम लावायचा आणि प्रत्येक ओळीपुढे कारण लिहायचं. एक चुकीची पट्टी मुद्दाम घाला, आणि ती घातली आहे हे सांगूही नका.

पायरी तिसरी: गट पाडणे

तिघांचा किंवा चौघांचा गट करा. सहा नको. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस रिंगलमन नावाच्या फ्रेंच अभियंत्याने दोर ओढणाऱ्या माणसांचा जोर मोजला होता. ओढणारे वाढत गेले तसा माणशी जोर कमी होत गेला. काही भाग दोरावर एकदम जोर न लागल्याचा, काही भाग ‘बाकीचे आहेत की’ या वृत्तीचा. गणिताच्या गटात दुसरं कारण फार चालतं. लांब बाकं असतील तर पुढच्या बाकावरच्या दोघांनी मागे वळायचं, झाला चौघांचा गट. सामान हलवायला लागत नाही.

गट चिठ्ठ्या टाकून पाडा. ज्यांना ज्यांच्यासोबत बसायचंय त्यांना बसू दिलं तर वर्गात गावाचा नकाशा उमटतो: गावठाणातले एकीकडे, वाडीवरचे एकीकडे, तांड्यावरचे मागे. जात शाळेच्या दारात थांबत नाही, हे तुम्हालाही माहीत आहे. ‘एक हुशार, दोन मध्यम, एक कच्चा’ असे शिक्षकाने ठरवलेले गटही मी टाळतो. लेकरं पहिल्याच दिवशी ओळखतात की आपल्याला कच्चा म्हणून इथे घातलंय, आणि मग ते वर्षभर तसंच वागतं. चिठ्ठीला कुणी दोष देत नाही.

चिठ्ठ्याही गणिताच्या करा. चार चिठ्ठ्यांवर एकच किंमत चार रूपांत लिहा: १/२, ३/६, ०.५, ५० टक्के. पुढच्या चारांवर ३/४ ची रूपं. ४८ लेकरांना बारा किमती लागतात. सारख्या किमतीच्या चौघांनी एकमेकांना शोधायचं. ०.२५ ची चिठ्ठी घेऊन एखादं लेकरू २/५ च्या गटात जाऊन उभं राहतं आणि तिथली पोरंच त्याला समजावतात. पहिल्या दिवशी यात पंधरा मिनिटं जातील, नंतर चार-पाच.

मुलामुलींचा प्रश्न आठवीपासून येतोच. जबरदस्तीने सुरुवात करू नका, पण कायमचे वेगळेही ठेवू नका. दिवाळीनंतर मिश्र गट करा आणि एकच नियम पाळा: तीन मुलांत एकटी मुलगी नको. दोन आणि दोन ठेवा. एकटी असली की तिच्याकडे ‘अक्षर चांगलं आहे’ म्हणून लिहिण्याचं काम जातं आणि विचार बाकीचे करतात.

गट दर तासाला बदलावा असं काही अभ्यासक सांगतात. पन्नासच्या वर्गात मला ते परवडत नाही, मी पंधरवड्याने बदलतो. गटप्रमुख मात्र नेमू नका. नेमलात की बाकीचे तिघं कारकून होतात.

पायरी चौथी: एक पेन, एक कागद

गटाला एकच कागद आणि एकच पेन द्या. पेन ज्याच्या हातात त्याने स्वतःच्या डोक्यातलं लिहायचं नाही, दुसरा सांगेल ते लिहायचं. पाच मिनिटांनी पेन पुढे. एवढ्या साध्या नियमाने हुशार पोराला बोलून समजावून सांगावं लागतं. कॅनडातले गणितशिक्षणाचे अभ्यासक पीटर लिल्येडाल यांना असं आढळलं, की मुलं उभी राहून, पुसता येईल अशा फळ्यावर काम करू लागली तर लवकर सुरुवात करतात आणि जास्त वेळ टिकतात. आपल्या काही शाळांत भिंतीला कमी उंचीवर फळे रंगवलेले असतात, ते वापरा. नसतील तर पाटी आणा. चूक पुसता येते हे कळलं की लेकराचा हात धजावतो. पाठकोऱ्या कॅलेंडरची पानंही चालतात, फक्त त्यावर पेनऐवजी पेन्सिल द्या.

पायरी पाचवी: चाळीस मिनिटांचा तास

पहिली चार मिनिटं उदाहरण तोंडी सांगा, गोष्ट सांगितल्यासारखं, आणि फळ्यावर फक्त आकडे लिहा. पुढची तीन मिनिटं पूर्ण शांतता, प्रत्येकाने एकट्याने विचार करायचा. ही तीन मिनिटं कधीही गाळू नका. नाहीतर मनातल्या मनात सगळ्यात वेगाने करणारा बोलून टाकतो आणि बाकीच्यांचा विचार तिथेच संपतो. मग सतरा मिनिटं गट. अकरा मिनिटं चर्चा: दोन-तीन गटांची कामं फळ्यावर, त्यांत एक तरी चुकलेलं किंवा अर्धवट, आणि ते गटाची परवानगी घेऊन. शेवटची पाच मिनिटं परत एकट्याने, आकडे बदलून तेच उदाहरण चिठ्ठीवर सोडवायचं आणि चिठ्ठी तुमच्याकडे. शनिवारी सकाळच्या शाळेत तास आखूड असतो, त्या दिवशी हा घाट घालू नका.

आठवड्यातून एक असा तास पुरतो. बाकीचे तास नेहमीसारखे शिकवा, सराव घ्या, पाढे घ्या. गटात सगळं शिकवायचं असं कुणी सांगत असेल तर त्याला पन्नासच्या वर्गात पाठवा.

पायरी सहावी: त्या सतरा मिनिटांत तुम्ही

खुर्चीवर बसायचं नाही आणि कुणाचंही पेन हातात घ्यायचं नाही. दुसरं फार अवघड आहे. लेकरू अडलेलं दिसलं की आपला हात आपोआप पुढे जातो. गटातल्या एकाने प्रश्न विचारला तर उत्तर देऊ नका, ‘हे तुझ्या गटात विचारलंस का?’ एवढंच म्हणा. चौघांनाही उत्तर येत नसेल तरच तो प्रश्न तुमचा. गटाजवळ गेलात की सगळ्यात गप्प असलेल्याला विचारा, ‘कुठपर्यंत आलात, तू सांग बघू.’ त्याने अर्धं सांगितलं की दुसरे पुढचं जोडतात. त्यांचं पूर्ण व्हायच्या आत तिथून निघा.

आवाज होणार. मुख्याध्यापकांना आणि शेजारच्या वर्गावरच्या मॅडमना आदल्या दिवशी सांगून ठेवा, निम्मा त्रास तिथेच मिटतो. तुम्ही हात वर केला की ज्याचं लक्ष जाईल त्याने हात वर करून गप्प व्हायचं, ही सवय पहिल्या दोन आठवड्यांत लावा. ओरडून शांत करायला गेलात तर तुमचाच आवाज सगळ्यात मोठा होतो.

आयतोबा आणि हुशार, दोघांचं काय करायचं

चर्चेच्या वेळी कोणत्या गटातून कोण बोलणार हे चिठ्ठीने ठरवा. चारपैकी कुणाचंही नाव येऊ शकतं हे माहीत असलं की गटच कच्च्या गड्याला तयार करतो. नाव आलं आणि त्याला सांगता आलं नाही, तर रागावू नका, ‘गटाला दोन मिनिटं देतो, मग पुन्हा येतो’ म्हणा आणि खरंच पुन्हा जा. शेवटच्या चिठ्ठीतून तुम्हाला कळतंच कोण आयतं खातंय. त्याच्याशी बाजूला बोला. पुष्कळदा कारण आळसाचं नसतं, लाजेचं असतं.

हुशार पोरगं वेगळीच अडचण आणतं. ‘सर, मी एकटाच करतो, यांना काही येत नाही.’ त्याच्यामागे त्याचे वडील येतात, ‘आमच्या लेकराचा वेळ जातो.’ लातूर पॅटर्नच्या पट्ट्यात हे ऐकावं लागणारच, सराव परीक्षा आणि गुण हीच तिथली बोली आहे. त्यांना शांतपणे सांगा, की दुसऱ्याला कारणासह समजावून सांगणाऱ्याचं स्वतःचं गणित पक्कं होतं, हे नोरीन वेब यांच्यासारख्या संशोधकांनी वर्गांमध्ये तपासलेलं आहे. त्याच अभ्यासात दुसरी बाजूही आहे: ज्याला नुसतं उत्तर सांगितलं जातं त्याला काहीच मिळत नाही. म्हणून हुशार पोरासाठी नियम वेगळा: त्याने उत्तर सांगायचं नाही, प्रश्न विचारायचा. ‘पाणी किती उरलं?’ एवढंच. आणि अधूनमधून त्यालाही एकट्याने अवघड गणित करू द्या. शिष्यवृत्तीच्या आणि एनएमएमएसच्या (आठवीतली राष्ट्रीय शिष्यवृत्ती परीक्षा) जुन्या प्रश्नपत्रिका त्यासाठी जवळ ठेवा.

ऊसतोडीला गेलेली लेकरं

बीड जिल्ह्यात धारूर, वडवणी, पाटोदा, शिरूर कासार, आष्टी भागात असाल तर दिवाळीनंतर पटावरची लेकरं आणि बाकावरची लेकरं यांचा मेळ बसत नाही. आई-बाप कोयता घेऊन कारखान्यावर जातात, काही लेकरं हंगामी वसतिगृहात किंवा आजीजवळ राहतात, काही सोबत जातात ती उन्हाळा लागल्यावर परततात. अशा शाळेत गट चौघांचाच ठेवा, म्हणजे एक गेलं तरी तिघं उरतात. प्रत्येक वर्गाला एक ‘गटाची वही’ करा. गटाचा कागद तिच्यात चिकटवायचा, चुकलेल्या पायऱ्यांसकट. परत आलेल्या लेकराला ती वही आणि त्याच्या गटातला एक जोडीदार द्या. पुस्तकातले धडे एकट्याने वाचण्यापेक्षा ‘इथे आमचं ९४ आलं होतं, मग असं केलं’ हे ऐकून त्याला लवकर कळतं.

एक जपायला सांगतो. मघाशी स्थानिक गणितं घ्या म्हटलं, पण उचल (ऊसतोडीआधी घेतलेली आगाऊ रक्कम), सावकारी, कर्ज यांची गणितं करताना कुणाच्याही घरचे आकडे विचारू नका. चक्रवाढ व्याज शिकवायला घरातलं दुखणं फळ्यावर मांडायची गरज नाही. ज्या वर्गात एखाद्या लेकराच्या घरी कर्जापायी काही घडून गेलेलं असतं, तिथे ‘शेतकऱ्याने कर्ज घेतले’ हे उदाहरण साधं राहत नाही. बचतगटाच्या ठेवीवर, दुकानाच्या हप्त्यावर घ्या. कोयत्याचा टनामागचा दर वगैरे कुणी आपणहून सांगितला तर मात्र मन लावून ऐका, फळ्यावरही लिहा.

गुण, दहावी आणि तपासणी

गटाला गुण देऊ नका. दिले की भांडणं वाढतात आणि पालक वही घेऊन येतात. गुण नेहमी एकट्याच्या कामाला. दहावीला ४०-४० गुणांचे दोन पेपर आणि २० गुण अंतर्गत आहेत, त्यामुळे त्या वर्षी कुणी तुम्हाला दर आठवड्याला गट घेऊ देणार नाही, आणि घ्यायचेही नाहीत. प्रकरणागणिक एकदा पुरे. त्यातली माझी आवडती वेळ घटक चाचणीनंतरची: पेपर तपासा, पण गुण आणि चुकीच्या खुणा न लिहिता परत द्या. फक्त ‘या पानावर दोन चुका आहेत’ एवढी चिठ्ठी लावा. गटाने त्या शोधायच्या. गुण दुसऱ्या दिवशी सांगा. आधी सांगितले तर पेपर दप्तरात जातो आणि परत बाहेर येत नाही.

प्राथमिकला बहुवर्ग असेल तर यातलं निम्मंच लागू पडेल. तिथे चौथीचं एक आणि दुसरीचं एक अशी जोडी चांगली चालते. मोठ्याने खडे मांडायचे, छोट्याने मोजायचे.

केंद्रप्रमुख तपासणीला आले आणि वर्गात गलका दिसला, तर समजावत बसू नका. तासाच्या शेवटच्या चिठ्ठ्या तारखेवार दोऱ्यात ओवून कपाटात ठेवलेल्या असू द्या. जुलैचा गठ्ठा आणि डिसेंबरचा गठ्ठा त्यांच्यासमोर ठेवा, आणि एकाच लेकराच्या दोन चिठ्ठ्या काढून दाखवा.